गुरुजी, भगत आणि सोम-बुध-शुक्र

वाल्मिक गुरुजी निवृत्त झाल्यापासून त्यांना नवा उद्योग सुचवला नाही असा माणूस गावात उरला नव्हता. गिरणीवाला सावळाराम म्हणाला, "गुरुजी, कोंबड्या पाळा." पोस्टमन म्हणाला, "विम्याची एजन्सी घ्या." शेजारचे घरतकाका "आता देवाधर्माला लागा" असं म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. गिरजाबाईंचं, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचं, म्हणणं एवढंच होतं की काय हवं ते करा, पण स्वयंपाकघरात येऊन आमटीत मीठ किती घालायचं ते मला शिकवू नका.

घरतकाकांनी जीभ चावली त्याला कारण होतं. किन्हवलीपासून शहापूरपर्यंत गुरुजींची ख्याती होती ती अंधश्रद्धेचा वैरी म्हणून. ग्रहणात त्यांनी शाळेच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत कांदाभजी खाल्ली होती. सायकल घेतली ती मुद्दाम अमावास्येला. ती त्याच महिन्यात चोरीला गेली, पण तो दोष कुलपाचा होता, तिथीचा नव्हता, हे ते आजही आवाज चढवून सांगतात. घराच्या दाराला लिंबू-मिरची बांधायची गिरजाबाईंची इच्छा तर लग्नापासून तशीच राहिली होती.

दोन हजार तीन सालची दिवाळी सरली आणि एके सकाळी सरकारी दवाखान्याच्या वर्षाताई स्कूटीवरून गुरुजींच्या दारात आल्या. त्या आसनगावच्या. तालुक्यातल्या टीबीच्या रोग्यांवर देखरेख ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक काम आहे. रोगी एकच आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार त्याला गोळ्या द्यायच्या आणि त्यानं त्या तुमच्या डोळ्यांदेखत गिळल्या पाहिजेत. घरी दिल्या की लोक दोन-चार आठवडे घेतात, बरं वाटलं की सोडून देतात. मग तोच आजार उलटतो तेव्हा या गोळ्यांना दाद देत नाही."

"म्हणजे मी फक्त समोर बसून बघायचं?"

"फक्त बघायचं."

गुरुजींचा चेहरा उजळला. हे तर परीक्षेचं पर्यवेक्षण झालं! तेही असं, की समोर एकच विद्यार्थी आणि कॉपीचा प्रश्न नाही. जन्मभर केलेलं काम पुन्हा दारात चालून आलं होतं. ते तिथल्या तिथे हो म्हणाले आणि आतून गिरजाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला तो ओटीपर्यंत ऐकू आला.

पण सरकारी काम म्हटलं की आधी प्रशिक्षण आलं. ते शहापूरला होतं. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून गेले तर हॉलमध्ये सगळ्या अंगणवाडीच्या बाया, आणि त्यांच्यामध्ये एकटे गुरुजी. डॉक्टरांनी चांगलं समजावून सांगितलं. गोळी गिळली की तोंड उघडायला लावा, जीभ वर करायला लावा, गालात लपवली नाही ना ते बघा. रोग्याचं नाव बाहेर फुटता कामा नये. पुढे डॉक्टर औषधाने लघवीत काय फरक पडतो त्याकडे वळले तेव्हा एवढ्या बायकांमध्ये बसून हा विषय ऐकणं गुरुजींना प्रशस्त वाटेना. ते खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडाकडे एकाग्रतेने बघत राहिले. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं त्यावर ठळक अक्षरांत 'श्रीमती वाल्मिक निचिते' असं छापलेलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला गेले तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "अर्ज द्यावा लागेल, तो ठाण्याला जाणार, तिथून परत येणार. त्यापेक्षा असूद्या की गुरुजी. काम तर तेच आहे." गुरुजींनी ते प्रमाणपत्र उलटं धरून एस.टी.तून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी वर्षाताईंनी रोग्याचं नाव सांगितलं आणि गुरुजी खुर्चीतून उठून पुन्हा खाली बसले.

रोगी होता धाऊ भगत.

गावाबाहेर कातळवाडीत धाऊचं घर होतं. कुणाला ताप आला, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली की लोक धाऊकडे जायचे. दर मंगळवारी त्याच्या अंगात देव यायचा आणि त्या दिवशी मुरबाडकडूनही माणसं यायची. हाच धाऊ लहानपणी गुरुजींच्या वर्गात जेमतेम एक पावसाळा बसला होता आणि नंतर खेकडे पकडायला म्हणून गेला तो शाळेत परत आलाच नाही. त्याच्या भगतगिरीवर गुरुजी पंचवीस वर्षं भाषणं देत आले होते. त्यालाही ते माहीत होतं, पण भाषण ऐकणारी निम्मी माणसं तिथून उठून त्याच्याकडेच यायची, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

आता त्याला खोकला लागला होता. स्वतःच्या सगळ्या मुळ्या आणि अंगारे करून झाले तरी हटेना, तेव्हा तो जावयाची पँट घालून, डोक्याला रुमाल बांधून, कुणी ओळखू नये म्हणून थेट शहापूरला जाऊन तपासून आला होता. गोळ्या कुणाच्या हातून घेणार असं विचारल्यावर त्याने क्षणाचाही विचार न करता वाल्मिक गुरुजींचं नाव घेतलं होतं.

"मीच का रे?" गुरुजींनी त्याला ओढ्याकाठी एकटं गाठून विचारलं.

"गुरुजी, सगल्या गावात मला शिव्या देणारा माणूस एकच. तुमच्यावर कोन संशय घेईल?" धाऊ खोकत खोकत म्हणाला. "पन एक हाय. मी तुमच्याकडं गोळ्या घ्यायला येनार नाय. लोकं इचारतील, भगत गुरुजीकडं कशाला जातो. तुमीच माझ्याकडं या. भगताकडं सगलीच येतात, तुमाला कोन इचारनार?"

गुरुजींना हे तर्कशुद्ध वाटलं. या तर्काला एक मोठं भोक होतं आणि ते नेमकं त्यांच्याच अब्रूच्या जागी होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"आनि ही गोष्ट कुनाला सांगनार नाय अशी शपथ घ्या."

"मी देवाची शपथ घेत नाही."

"मंग शाळेच्या घंटेची घ्या," धाऊ म्हणाला. गुरुजींनी घेतली. घंटेची शपथ मोडायची त्यांची प्राज्ञा नव्हती, हे त्या बेट्याला बरोबर ठाऊक होतं.

पहिल्या सोमवारी गुरुजी गोळ्यांची पाकिटं आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून कातळवाडीत पोचले तर अंगणात आधीच आठ-दहा माणसं बसलेली. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या मांडीवर रडणारं पोर, एकाच्या काखेत कोंबडा. धाऊची बायको यमू पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, नंबर लावलाव का?"

गुरुजी कोंबड्याच्या मागे रांगेत बसले. कोंबडा मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला. त्याची नजर त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांसारखी वाटली. शेवटी आतून धाऊने हाक मारली, "गुरुजींना आत धाडा." आतल्या अंधाऱ्या खोलीत देवांच्या टाकांसमोर धाऊने एकेक करून गोळ्या गिळल्या, तोंड उघडलं, जीभ वर केली, सगळं नियमाप्रमाणे झालं. गुरुजी निघणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा, असंच भायेर गेलाव तर लोकं म्हनतील आत काय चाललं होतं." आणि गुरुजी नको नको म्हणत असतानाच त्याने त्यांच्या कपाळाला अंगाऱ्याचं बोट ओढलं.

बाहेर ऊन होतं, मनात कर्तव्यपूर्तीचा आनंद होता, आणि कपाळावर काय आहे ते गुरुजी साफ विसरले. तसेच ते गावातून चालत गेले. गिरणीसमोर सावळाराम पीठ झटकत उभा होता. त्याने गुरुजींचं कपाळ पाहिलं, ते आले त्या वाटेकडे पाहिलं आणि चालू गिरणी बंद केली. सावळारामने गिरणी बंद केली की काहीतरी ऐकण्यासारखं आहे, हे गावाला कळतं.

घरी गिरजाबाईंनी दार उघडलं. त्यांची नजर थेट कपाळावर गेली.

"कुठून आलात?"

"फिरायला गेलो होतो."

"कातळवाडीला?"

गुरुजींचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढी वर्षं मला दाराला साधं लिंबू बांधू दिलं नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि स्वतः एकटेच गेलात! मला नेलं असतं तर काय झालं असतं?" त्यांना नवरा भगताकडे गेल्याचं दुःख नव्हतं, एकटा गेल्याचं होतं. संध्याकाळपर्यंत दाराला लिंबू लागलं, आणि मिरच्या सातच्या जागी चांगल्या अकरा होत्या. गुरुजींना त्याखालून मान वाकवून जावं लागायचं. बोलायची सोय नव्हती.

सोम, बुध, शुक्र. आठवड्यातून तीनदा गुरुजी कातळवाडीला जाताना दिसू लागले आणि गावाने त्यांच्या आजाराचं निदान करायला घेतलं. पोस्टमनच्या मते पेन्शनच्या कागदांवर कुणीतरी करणी केली होती. घरतकाकांच्या मते मुलगी मनस्वीचं लग्न जुळत नव्हतं म्हणून गुरुजी खचले. मनस्वी कल्याणला नोकरी करत होती आणि तिला लग्नाची मुळीच घाई नव्हती, पण तिला कोण विचारतो! सावळारामने एकदा गुरुजींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, धाऊ बारीकसारीक कामाला बरा हाय. तुमचं परकरन मोठं दिसतंय. धसईच्या बाजूला एक म्हातारा हाय, मी येतो तुमच्यासंगती. लाजू नका, आपल्या गावातच राहील."

"सावळाराम, मला काहीही झालेलं नाही."

"पयल्यांदा सगली असंच बोलतात," सावळाराम मायेने म्हणाला.

हायस्कूलमध्ये 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर गुरुजींचं दरवर्षी व्याख्यान व्हायचं. यंदा मुख्याध्यापकांनी घरी येऊन अतिशय अदबीने सांगितलं की विषय जरा बदलला आहे. यंदा गुरुजींनी 'परसबागेतील भाजीपाला' यावर बोलावं. गुरुजी दुधी भोपळ्यावर पाऊण तास बोलले. त्यांचा आवाज अधूनमधून दाटून येत होता, तो दुधीमुळे नव्हता.

इकडे धाऊच्या धंद्याला मात्र बरकत आली. ज्याच्याकडे प्रत्यक्ष वाल्मिक गुरुजी येतात तो भगत किती कडक असेल! अंगणातली रांग बोरीच्या झाडापर्यंत गेली. गुरुजींनी एका गोष्टीवर मात्र हट्ट धरला होता. तुझ्या खोकल्यापासून या माणसांना जपायला हवं, तेव्हा तोंडाला फडकं बांधूनच बसायचं. धाऊने लाल फडकं बांधलं आणि लोकांना देवाचं सोवळं म्हणून सांगितलं. महिन्याभरात मुरबाडकडचे दोन भगतही फडकं बांधून बसायला लागले.

आणि एका बुधवारी धाऊ घामाघूम होऊन दारातच उभा राहिला. "गुरुजी, घात झाला. माझी लघवी लाल झाली. गोळ्या सुरू झाल्यापासून लालसर व्हती, मी बोललो नाय, आज जास्ती हाय. देव कोपला. या गोळ्या त्याला चालत नाय."

गुरुजी प्रशिक्षणातलं आठवायला गेले, तर शहापूरच्या खिडकीबाहेरचं बदामाचं झाड डोळ्यांसमोर उभं राहिलं. ते तसेच निघाले आणि धापा टाकत दवाखान्यात पोचले. वर्षाताई मुलीच्या वयाच्या. आता हा प्रश्न विचारायचा कसा? "ताई, त्याचं ते, म्हणजे पाणी," गुरुजी म्हणाले, "म्हणजे प्यायचं नव्हे, दुसरं. त्याचा रंग..." वर्षाताईंनी हातातलं काम थांबवून विचारलं, "लघवी लाल होते ना? होतेच. त्या लाल कॅप्सूलमुळे. काही घाबरायचं नाही. प्रशिक्षणात सांगितलं होतं की तुम्हाला!"

"सांगितलं होतं, सांगितलं होतं," गुरुजी म्हणाले आणि बदामाच्या झाडाला मनातल्या मनात शिव्या देत परत गेले.

ते एक निभावलं, पण पौष लागला आणि खरा पेच आला. धाऊचा ताप गेला, खोकला गेला, भाकरी गोड लागायला लागली. एक दिवस त्याने गोळ्या हातात घेतल्याच नाहीत. "झालं गुरुजी. मी बरा हाय. आता कशाला?" गुरुजींनी समजावलं, आतले जंतू अजून मेलेले नसतात म्हणून सांगितलं, फळ्याशिवाय जमेल तेवढं जमिनीवर काडीने काढून दाखवलं. धाऊ शाळेत बघायचा तसाच त्या चित्राकडे बघत राहिला. तो खेकडे पकडायला निघून जाणार, हे गुरुजींना दिसत होतं. आणि या खेपेला गेला तर तो परत येणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. चिडून त्यांनी काडी फेकून दिली.

"धाऊ, तू लोकांना किती मंगळवार सांगतोस?"

"पाच."

"दोन मंगळवारांत बरं वाटलं आणि माणूस तिसऱ्याला आला नाही तर?"

"तर वाईट! अर्ध्यावर सोडलं तर जाता जाता दुप्पट होऊन बसतं. पयल्यापासून पाच करावे लागतात. ते तर..." धाऊ थांबला. त्याने गोळ्यांकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. "तुमचे किती सोमवार हायत?"

"वैशाखापर्यंत."

"लई कडक देव हाय तुमचा," असं म्हणून त्याने पाण्याची बाटली घेतली. आयुष्यभर ज्या पाच मंगळवारांची आपण टिंगल केली त्यांचाच आधार घ्यावा लागला, म्हणून गुरुजी घरी जाताना स्वतःवरच रुसले होते. पण गोळ्या पोटात गेल्या होत्या आणि त्यांना हसूही येत होतं.

त्याच पौषात मुरबाडपलीकडच्या म्हसा गावची मोठी जत्रा भरली. शुक्रवारी गुरुजी कातळवाडीला गेले तर अंगण रिकामं. यमू म्हणाली, "ते म्हशाला गेलं. जत्रंत बसतात दरवर्सी. परवा येतील."

"अगं, आज शुक्रवार!"

"मी बोलली त्यांना. ते बोललं, एक शुक्रवार गेला तर काय व्हतंय."

एक शुक्रवार गेला की सोमवारही जातो, हे गुरुजींना शाळेच्या अनुभवावरून पक्कं माहीत होतं. गैरहजेरीची सुरुवात अशीच होते. ते घरीसुद्धा न जाता पिशवीसकट एस.टी.त चढले. मुरबाडला गाडी बदलली. दुसऱ्या गाडीत त्यांच्या मांडीवर कुणीतरी घोंगडी ठेवली, घोंगडीवर कुणीतरी मूल ठेवलं, आणि गुरुजी गोळ्यांची पिशवी डोक्यावर धरून म्हशापर्यंत तसेच बसून गेले. हे किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, जिलेबीच्या कढया, सगळं ओलांडून गुरुजी शोधत राहिले. एका उंबराखाली गर्दीचं कडं होतं आणि कड्याच्या मध्ये धाऊ भगत घुमत होता. डोळे मिटलेले, केस मोकळे, तोंडाला लाल सोवळं, ढोलकीवाला जोरात. एकाला विचारलं, हे कधी थांबेल? तो म्हणाला, "दिवस बुडेपर्यंत नाय थांबत. देव आलाय."

दिवस बुडाला की परतीची गाडी नाही. धाऊला हाक मारावी तर गोळ्या म्हणता येत नाही, टीबी म्हणता येत नाही, घंटेची शपथ आहे. गुरुजींनी चष्मा पुसला, सदरा सारखा केला आणि कड्यातून वाट काढत थेट देवासमोर जाऊन उभे राहिले. ढोलकी थांबली.

"कोन आलाय रं?" देव घुमत घुमत म्हणाला.

"देवा," गुरुजी म्हणाले, "आज शुक्रवार आहे."

देवाचा एक डोळा उघडला, गुरुजींवर गेला, पिशवीवर गेला आणि मिटला. "नको रं बाळा," देव म्हणाला, पण आवाज जरा नरम होता.

"नको कसं? कबूल केलंय ते घ्यावंच लागेल. आणि दोन मिनिटं घुमणं थांबवा, ठसका लागेल."

देव थांबला. गुरुजींनी त्याच्या तोंडावरचं सोवळं खाली केलं आणि एकेक गोळी त्याच्या हातावर ठेवली. देवाने एकेक गिळली, वर पाणी प्यायला. सगळी जत्रा श्वास रोखून बघत होती. गुरुजींनीही बघितलं, आणि मग सवयीने, पस्तीस वर्षांच्या शाळेतल्या आणि दोन महिन्यांच्या कातळवाडीतल्या सवयीने, ते कडाडले.

"तोंड उघडा!"

देवाने तोंड उघडलं.

"जीभ वर करा. हं. आता गाल दाखवा. दुसरा."

देवाने दुसरा गाल दाखवला. "शाब्बास," असं म्हणून गुरुजींनी बाटलीचं झाकण लावलं आणि मागे वळले, तर कड्यात सर्वांत पुढे, खांद्यावर नवी घोंगडी टाकून, तोंडाचा आ वासलेला सावळाराम उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी उठून ओटीवर आले तर अंगणात माणसं बसलेली. रांगेत. गिरजाबाई सगळ्यांना चहा देत होत्या.

"हे काय?"

"तुमच्याकडे आलेत," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असा मान गुरुजींनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. सावळारामने रात्रीत गाव जागवलं होतं. भगताच्या अंगात देव येतो हे ठीक, पण त्या देवाला जो 'तोंड उघड' म्हणतो आणि देव उघडतो, तो कोण असेल! घरतकाका म्हणाले, एवढी वर्षं गुरुजी देवाला नावं ठेवत होते ती अधिकाराने ठेवत होते, आपल्यालाच कळलं नाही.

"मी भगत नाही!" गुरुजी ओरडले. रांगेतल्या माणसांनी समाधानाने माना हलवल्या. खरा असतो तो कधी कबूल करत नाही. सकुबाई नावाच्या म्हातारीने तर पायच धरले. तिला ते उठवायला गेले तेव्हा ती खोकली आणि खोकतच राहिली. असा खोकला गुरुजींनी दोन महिन्यांपूर्वी ओढ्याकाठी ऐकला होता.

"किती दिवस झाले खोकल्याला?"

"दसऱ्यापासना."

"दवाखान्यात गेली होतीस?"

"तिथं कशाला?"

गुरुजींनी खांबाला हात टेकला. भगत नाही म्हणून सांगितलं तर ही घरी जाईल आणि खोकत बसेल. "सोमवारी सकाळी दवाखान्यात जायचं," ते म्हणाले, "वर्षाताई डबी देतील त्यात बेडका द्यायचा. त्या सांगतील तसं करायचं. कळलं?"

"तुमचा सबूद," म्हणून सकुबाई उठली आणि खरोखरच गेली. तिच्या मागून आणखी गेले. ज्याला खोकला नव्हता त्याला गुरुजी हाकलून द्यायचे आणि तो आपल्याला काहीच बाधा नाही म्हणून आनंदाने घरी जायचा. आठवड्याभरात वर्षाताई स्कूटीवरून आल्या. "गुरुजी, मी वाडीवाडीत हिंडून घसा बसवला तरी दोन माणसं तपासायला येत नव्हती. आता डब्या संपल्यात! तुम्ही सांगता तरी काय त्यांना?"

"काही विचारू नका," गुरुजी म्हणाले.

उन्हाळा आला. नेहमीसारखे सोम-बुध-शुक्र चालू राहिले, धाऊच्या अंगावर मांस चढलं. वैशाखातल्या एका मंगळवारी त्याच्या अंगणात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती, कारण दोन्ही भगत एका जागी बसणार अशी बातमी होती. गुरुजी शेवटच्या तपासणीचा निकाल ऐकायला आले होते. शाळेतल्या कुठल्याही पोराच्या निकालाला त्यांच्या छातीत एवढं धडधडलं नव्हतं. वर्षाताई स्कूटी लावून आल्या, दोघांना बाजूला बोलावून हळूच म्हणाल्या, "साफ आहे. पूर्ण बरा झाला."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. धाऊ कुठल्याशा विचारात उभा होता. मग तो गुरुजींच्या जवळ आला. "गुरुजी, माझ्यापायी तुमचं नाव गेलं. लेक्चर गेलं. आज ते परत देतंय." गुरुजी त्याला अडवणार तेवढ्यात तो अंगणाच्या मध्ये गेला आणि लाल फडकं काढून मोठ्याने बोलायला लागला.

"ऐका सगली! गुरुजी माझ्याकडं अंगारा घ्यायला येत नव्हतं. मला टीबी झाला व्हता. माझ्या मुळ्यांनी गेला नाय, अंगाऱ्यानं गेला नाय. गुरुजींनी सरकारी गोळ्या दिल्या, सोमवार चुकवला नाय, बुधवार चुकवला नाय, म्हशाच्या जत्रंत येऊन मला गिळायला लावल्या. त्यांच्या अंगात काय येत नाय. ते भगत नाय. ते मास्तर हायत!"

गुरुजींची मान सहा महिन्यांनी ताठ झाली. मग सावळारामने हळूच टाळी वाजवली.

"बघा," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "गुरूचा मोठेपना झाकायला स्वतःच्या अंगावर आजार घेतला. याला म्हनतात चेला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यमूनेसुद्धा वाजवल्या.

धाऊ लालबुंद झाला. "अरे, खरं सांगतंय मी! इतकी वर्सं तुमाला काय काय सांगितलं, हडळ सांगितली, मुंजा सांगितला, ते सगलं पटलं! आज आयुष्यात पयल्यांदा खरं बोलतंय तर एकाला पटंना?" त्याने यमूकडे बघितलं, वर्षाताईंकडे बघितलं. पंचवीस वर्षं खरं सांगूनही कुणाला पटलं नाही की मास्तरला काय वाटतं ते आज धाऊला कळलं, आणि गुरुजींना हसू फुटलं. आधी ते तोंड दाबून हसले, मग खांबाला धरून हसले, मग धाऊही हसायला लागला. हसता हसता मागच्या बाजूने कुणीतरी खोकलं. एक नवखी बाई होती, मूल कडेवर, लांबून आलेली.

धाऊचं हसू थांबलं. त्याने गुरुजींकडे एकदा बघितलं, डोळे मिटले, केस मोकळे सोडले आणि तो घुमायला लागला.

"ऐका रं," देव म्हणाला, "माझा हुकूम हाय. ज्याला खोकला तो उद्या दवाखान्यात. गोळ्या मिळतील त्या संपेपर्यंत घ्यायच्या. बरं वाटलं म्हनून सोडायच्या नाय. जो सोडील त्याला मी सोडनार नाय!"

त्या बाईने मुलाला घट्ट धरून मान डोलावली. आणि जिथे तिथे हात जोडले जाऊ लागले, त्यांत सर्वांत पहिले, कुणाच्याही आधी, डोळे मिटून आणि मनापासून जोडलेले हात वाल्मिक गुरुजींचे होते.